मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या उमेदवारांची खरी माहिती मतदानाआधी कुठून मिळवायची?

तालुक्याचं गाव, नगरपरिषदेची निवडणूक. प्रभागात दोन जागा आणि थेट नगराध्यक्ष, म्हणजे प्रत्येकाला तीन मतं द्यायची. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानावर मात्र फक्त पदयात्रा आणि ‘वाढता प्रतिसाद’. परवा दोन वेगळ्या दैनिकांत एकाच उमेदवाराची बातमी अक्षरशः सारखी होती, ‘प्रभाग’चं ‘प्रभाव’ झालेलं तेसुद्धा दोन्हीकडे. पाणी दिवसाआड येतं, कचरा डेपो धुमसतोय, त्यावर एक ओळ नाही. हे फार चीड आणणारं आहे.

आतापर्यंत केलेलं: केंद्रीय आयोगाचं ‘नो युवर कॅन्डिडेट’ ॲप पाहिलं, पण त्यात लोकसभा-विधानसभेचेच उमेदवार असतात. आपली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाकडे. माहिती अधिकारात उत्तराची मुदत ३० दिवस, हाती जेमतेम दहा-बारा. नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर सभांची इतिवृत्तं नाहीत. मधली काही वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे माजी नगरसेवकांचं काम पाहायचं तर त्याआधीची इतिवृत्तं लागतील.

उमेदवारांना थेट विचारा असं कृपया सुचवू नका, तेही करतोय. पण उत्तरं पडताळायला कागद हवा. पत्रक कुणाच्या बाजूचं नाही, प्रभागात वाटायला एक साधं पान करायचंय.

तर नेमकं एवढंच: मालमत्ता आणि गुन्ह्यांच्या शपथपत्रांच्या प्रती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात लगेच मिळतात का, अर्ज कसा करायचा? आणि जुनी इतिवृत्तं माहिती अधिकाराचा अर्ज न करता, जागेवर बसून पाहू देतात का? कुणी हे प्रत्यक्ष केलंय?