मदत हवी आहे: सव्वापाच फुटी पडवीत सुतारकामाची जागा कशी बसवू?

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यात आमचे जुने चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे), कौलारू घर आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ५२. सुतारकाम कधी केलेले नाही, पण आता शिकायचे ठरवले आहे आणि त्यासाठी घरात जागा करायची आहे. जागा थोडी, पाऊस फार आणि घरात दम्याचे माणूस, अशी तिहेरी अडचण आहे. म्हणून हा धागा.

आधी हे डोक्यात कुठून आले ते सांगते. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची लाकडी चौकट, बांधताना तिचा एक कोपरा यजमानांच्या हातातच आला. लाकूड वरून धड दिसत होते, आतून पिठासारखे झाले होते. तोवर नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, निरफणस सगळे खाली मांडून ठेवलेले, गणपती दुसऱ्या दिवशी यायचा. सुंभाने करकचून आवळून वेळ निभावली. पण पाचही दिवस आरतीला उभी राहिले की माझी नजर मूर्तीवर न जाता वरच्या त्या कोपऱ्यावर जायची. ते मला फार लागले. ही चौकट माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळची होती. गावातल्या मेस्तांना (सुतारांना) तीनदा बोलावले. त्यांच्याकडे दारे-खिडक्यांची मोठी कामे असतात, चार रिपांच्या चौकटीसाठी त्यांनी दिवस मोडावा असे मीही म्हणणार नाही. मग वाटले, चौकट आपणच का करू नये? ती झाली की शाळेतल्या मुलांसाठी बुटकी पुस्तकांची मांडणी आणि स्वयंपाकघरात दोन पाट एवढे तरी करायचे आहे.

आता जागा. घराच्या पश्चिमेला पडवी आहे, ५ फूट ४ इंच रुंद आणि ११ फूट लांब. एका टोकाला धुण्याचे मशीन आहे, त्याचे दोन फूट गेले. मधोमध न्हाणीघराचे दार उघडते, तिथून दिवसभर ये-जा असते. छप्पर उतरते आहे: भिंतीकडे साडेआठ फूट, वळचणीकडे जेमतेम सहा. बाहेरची बाजू कमरेएवढ्या कठड्यावर उघडी. पावसात झड थेट आत येते. पूर्वी झापा (विणलेल्या झावळ्या) लावायचे, आता आम्ही ताडपत्री सोडतो, तरी जुलैत जमीन ओलसर असते. भिंत चिऱ्याची. एक फळी ठोकायला गेलो तर प्लास्टिकचा गट्टू चिऱ्याच्या भुग्यासकट बाहेर आला, त्यामुळे भिंतीला घडीचे टेबल लावायचा बेत डळमळला आहे.

अवजारे म्हणाल तर एक ड्रिल मशीन, हातोडा, लोखंड कापायची करवत आणि यजमानांच्या कपाटात सापडलेल्या दोन बोथट पटाश्या. एवढेच.

मी जे पाहते-वाचते त्यात सगळे जण टेबल सॉपासून (मेजात बसवलेल्या विजेच्या गोल करवतीपासून) सुरुवात करतात. ते यंत्र तीन फुटांत मावेल हे मला दिसते. पण सहा फुटांची फळी त्यात घालायची तर अलीकडे सहा फूट आणि पलीकडे सहा फूट मोकळे हवेत ना? माझ्याकडे सगळी मिळून अकरा. हा हिशेब चुकतोय का सांगा. तो बरोबर असेल तर यंत्राचा नाद सोडून हातकरवत आणि रंधा यांवरच उभे राहावे का? की मधला काही मार्ग आहे?

दुसरे, बाक. उंची माझी ५ फूट १ इंच. बाजारातले तयार बाक मला छातीशी येतात. बाक किती उंच, किती लांब, आणि चिऱ्याच्या भिंतीला न अडकवता हलणार नाही असा कसा करायचा?

तिसरे सगळ्यात नाजूक. सासूबाई ७९ वर्षांच्या, त्यांना दमा आहे आणि त्यांची खोली पडवीला लागून. लाकडाचा भुसा त्यांच्या छातीत गेलेला मला चालणार नाही. यावर तडजोड नाही. भुशाचा नीट बंदोबस्त होत नसेल तर मी हा नाद सोडेन, आधीच सांगून ठेवते.

लाकूड कुठले घ्यावे हेही कळत नाही. शेजाऱ्यांच्या घराचे कौल-वासे बदलले, तिथे जुन्या किंदळीच्या आणि सागाच्या रिपा पडून आहेत, न्या म्हणतात. आमच्या बागेत एक फणसही आहे, त्याचा सरळ बुंधा बघून मोह होतो.

सविस्तर लिहिले तरी चालेल, मी सगळे वहीत उतरवून घेते आहे.

प्रतिसाद १

ताई, तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. लहान जागेत यंत्राच्या पायाची जागा मोजून फसगत होते, फळीच्या येण्या-जाण्याची जागा मोजायला हवी. मी फोंड्याला फ्लॅटच्या बाल्कनीत सात वर्षे काम करतो आहे आणि पहिल्याच वर्षी घेतलेला टेबल सॉ विकला. हातकरवतीत फळी जागेवर राहते, हलतो तो आपला हात. म्हणून ती तुमच्या पडवीत बसते.

मधला मार्ग असा. लांब फाडकाम (फळी लांबीत चिरणे) घरी करूच नका. सॉमिलवर किंवा प्लायवूडच्या दुकानात मापाने फाडून, रंधा मारून मिळते. घरी आणायचे ते जवळजवळ मापाचे लाकूड. मग घरी उरते आखणी, आडवे कापणे, खाचा, जोड आणि सफाई. यातली मजाही तिथेच आहे.

भुशाचे सांगतो, कारण तुम्ही तो मुद्दा बरोबर धरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. प्रश्न दम्यापुरता नाही, तुमचाही आहे. पण धूळ आणि धूळ यात फरक असतो. रंध्यातून ढलप्या पडतात, त्या झाडूने गोळा होतात. करवतीचा भुसा जाड, तो पायाशीच बसतो. घात करते ती पॉलिश पेपरची आणि सँडर मशीनची पीठ-धूळ, ती डोळ्यांना न दिसता तासन् तास हवेत राहते. म्हणून सफाई रंध्याने आणि पोलादी पात्याच्या स्क्रेपरने करा. कागद घासायचाच असेल तर कोरड्या दिवशी, अंगणात, वारा घराकडून बाहेर वाहत असताना, एन-९५ मास्क लावून. आणि कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. ग्राइंडरला लाकूड कापायचे चाक लावून काम करणारे खूप दिसतात, ते मात्र कधीही करू नका. चाक अडकले की यंत्र उलटे अंगावर येते.

प्रतिसाद २

पेडण्याचा आहे, मेस्तांच्याच घरातला. वडील गेली चाळीस वर्षे हेच काम करतात, त्यांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, बाईंना बाक कशाला हवा? आमच्याकडे पूर्वी सगळे काम जमिनीवर बसूनच व्हायचे. एक जाड ठोकळा समोर, लाकूड पायाने दाबून धरायचे, दोन्ही हात मोकळे. वडिलांनी दारांचे कोरीव काम असेच केले. सव्वापाच फुटांत यापेक्षा कमी जागा खाणारी पद्धत नाही. काम संपले की ठोकळा भिंतीशी सारायचा, पडवी पुन्हा पडवी.

पण ५२ व्या वर्षी गुडघे काय म्हणतात ते तुम्हीच बघा. बाकच करायचा तर सरळ उभे राहून हात खाली सोडा आणि जमिनीपासून मनगटापर्यंत मोजा, रंधा मारायला ती उंची. तुम्हाला २९ ते ३० इंच येईल. चार फूट लांब, दीड फूट रुंद पुरे. भिंतीला अडकवू नका. चिरा मऊ असतो, रोजच्या धक्क्याने भोक मोठे होत जाते. त्यापेक्षा पाय जाड घ्या, खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाका आणि त्यावर दोन चिरे ठेवा. बाक जागचा हलणार नाही. वळचणीच्या बाजूला नको, तिथे डोके आपटेल आणि झडही लागेल.

अवजारे थोडी घ्या पण चांगली: बारीक दातांची एक करवत, सव्वा फुटी लोखंडी रंधा, पाव, अर्धा आणि पाऊण इंची पटाश्या, गुण्या, खतकस (कडेला समांतर रेघ आखायचे), लाकडी मोगरी, दोन शिकंजे. आणि धार लावायचा दुबाजू दगड. वडील म्हणतात, पहिला महिना लाकूड कापू नका, फक्त धार लावा. २५ ते ३० अंशांचा उतार, पाठ आरशासारखी सपाट. त्या दोन बोथट पटाश्या शिकायला उत्तम. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. हात कापतात ते बोथट पात्यानेच.

प्रतिसाद ३

विजेचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जुन्या घरात पडवीला बहुतेक दिव्याच्या तारेवरूनच प्लग काढलेला असतो. १३०० वॅटची छोटी विजेची करवत २३० व्होल्टवर पावणेसहा अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तिथेच धुण्याचे मशीन आणि ओली जमीन. ड्रिलसाठीसुद्धा स्वतंत्र तार, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. आधी हे, मग बाकीचे.

प्रतिसाद ४

लाकूड आणि किडीबद्दल. आत पीठ आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील तर ती वाळवी नव्हे, भुंगेरा. वाळवी मातीच्या नळ्या करून येते. हा भुंगेरा पांढऱ्या, बाहेरच्या लाकडातला पिष्टमय भाग खातो, गाभ्याला सहसा लागत नाही. तेव्हा रिपा निवडताना कडेची फिकट पट्टी असलेली बाजूला काढा. वापरायच्या लाकडाला टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात द्या, हातमोजे घालून, आणि पूर्ण वाळवून मग काम करा. पावसात भिजणाऱ्या वस्तूतून हे औषध धुऊन जाते, पण घरातल्या माटोळीला चालेल. फळे लागतात म्हणून वरून लाखेचे पॉलिश द्या.

शेजाऱ्यांच्या रिपा जरूर घ्या. पन्नास वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड विकत मिळत नाही. फक्त प्रत्येक खिळा शोधून काढा, मोडलेला खिळा लोहचुंबकाने सापडतो. फणस उभाच राहू द्या. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ओली फळी इंचाला साधारण वर्ष या हिशेबाने वाळवावी लागते. या चवथीला तो उपयोगाचा नाही.

आपल्या हवेत लाकूड जिवंत असल्यासारखे वागते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे १२ टक्के ओल राहते, ९० टक्क्यांना ती २० पर्यंत चढते. तेवढ्याने सहा इंच रुंद सागाची फळी दोन मिलिमीटर फुगू शकते. लांबीत मात्र जवळजवळ फरक नाही. माटोळीच्या अरुंद पट्ट्यांना भीती नाही, मुलांच्या मांडणीच्या रुंद फळ्यांना आहे. त्या चारी बाजूंनी चिकटवून जखडू नका. अवजारे पडवीत ठेवूच नका. झाकणाच्या पेटीत, शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून, घरातल्या कोरड्या खोलीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, तार खरेच दिव्याचीच होती. टेबल सॉ वहीतून खोडला. पेडण्याच्या काकांना सांगा, मी पंधरा दिवस रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास धारच लावते आहे. आता पटाशीने मनगटावरचा केस निघतो. जमिनीवर बसूनही पाहिले, डावा गुडघा ऐकत नाही. म्हणून बाक करणार, पण करवतीचे काम पाटावर बसून जमते आहे.

शेजाऱ्यांकडून सहा रिपा आणल्या, एकीतून अकरा खिळे निघाले. सासूबाई स्वतः लोहचुंबक घेऊन अंगणात बसल्या होत्या. त्यांना आजेसासऱ्यांच्या चौकटीची मापे अजून पाठ आहेत: तीन हात लांब, दोन हात रुंद, मध्ये चार आडव्या. आडव्या पट्ट्या अर्धी-अर्धी खाच पाडून एकमेकींत बसवीन. कोपऱ्यांना कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) घालायचे आहे, आणि टांगायची दोरी कोपऱ्याला वेढा घालूनच बांधणार, म्हणजे भार नुसत्या सरसावर येणार नाही.

एकच अडले आहे. कोपऱ्यात आधी खाच पाडू की आधी कुसू कापू?

प्रतिसाद २

वडील शेजारीच आहेत, विचारून लिहितो. आधी खाच. खाचेची रुंदी पटाशी ठरवते, ती मागाहून बदलता येत नाही. कुसू जाड ठेवा आणि रंध्याने, पटाशीने एकेक ढलपी काढत बसवत जा. मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांनी आत गेला तर बरोबर, नुसत्या हाताने गेला तर सैल. आणि ते म्हणतात, चारी कोपऱ्यांना एक ते चार आकडे आखून ठेवा, प्रत्येक कुसू आपापल्याच खाचेचा असतो.