हँडब्रेक ओढून ट्रॉली ठेवू नका

एका दादांनी लिहिलंय की ऊस वाहतुकीचा हंगाम संपला की ट्रॅक्टरची ट्रॉली हँडब्रेक ओढून शेडमागं लावायची, ते मला नाही पटत. पावसाळाभर ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, चिकटून बसतात न मग दिवाळीआधी जोडायला गेलं की चाक फिरतच नाही, नुसतं फरफटतं. ब्रेक मोकळा सोडा, चाकांना पुढं-मागं ओंडके लावा, झालं. ड्रम खोलाच एकदा, हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) सील गळत असेल तर ग्रीस लायनरवर येतं आणि असा काळा चकचकीत लायनर घासून काही होत नाही, नवीनच टाका, सील पण. हवेचे ब्रेक असतील तर हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडून पाणी सोडा. आणि उसाचं पाचट धुवून काढा, त्याखाली पत्रा सडतो.