मदत हवी आहे: उसाच्या रानातली माती ओढ्यात जातेय
नमस्कार मंडळी. आमचं उसाचं रान ओढ्याकडे उतरतं. जोराचा पाऊस झाला की युरियासकट वरची माती ओढ्यात जाते. खालच्या वस्तीची पिण्याची विहीर त्याच पाझरावर आहे, म्हणून फार काळजी वाटते.

खोडव्याचं (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाचं) पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, आम्ही जाळत नाही. सरीत पसरून टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकतो. पाचट उचललं की खाली गांडुळं दिसतात.

अडचण बांधाची आहे. तिथे वाळा (खस गवत) लावायचाय. त्याची मुळं सरळ खोल जाऊन माती धरतात. काळ्या जमिनीत कुणी लावलाय का? दोन रोपांत अंतर किती ठेवलंत? आणि ठिबकमधून युरिया हप्त्याहप्त्याने देणाऱ्यांनी मात्रा किती कमी केली, तेही कृपया सांगा.