कॉन्फिगचेंजेसची ओळ टाकून मोकळं होणं थांबवा

अर्धविराम
रिव्ह्यूला येणाऱ्या बऱ्याच अँड्रॉइड प्रोजेक्टच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टीमला देणारी फाइल) ॲक्टिव्हिटीला (ॲपची एक स्क्रीन) कॉन्फिगचेंजेस लावलेलं असतं, म्हणजे 'हे बदल झाले तरी स्क्रीन नव्याने उभी करू नका' अशी ओळ; त्यात ओरिएंटेशन (उभं-आडवं) आणि स्क्रीनसाइझ. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "फोन आडवा केला की फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर जायचा, आता जात नाही." माझा याला ठाम विरोध आहे.

फोन आडवा झाला की अँड्रॉइड चालू ॲक्टिव्हिटी मोडतो, ही फंक्शन क्रमाने चालतात: ऑनपॉज, ऑनस्टॉप, ऑनडिस्ट्रॉय. मग नवा ऑब्जेक्ट आणि पुन्हा ऑनक्रिएट. आडव्या स्क्रीनचा लेआउट, मराठी स्ट्रिंग, डार्क मोडचे रंग, जे लागू असेल ते नव्याने उचलता यावं म्हणून ही सोय आहे. ती ओळ टाकली की सिस्टीम मोडतोड थांबवते आणि ऑनकॉन्फिगरेशनचेंज्ड या फंक्शनमध्ये सगळं तुमच्यावर सोपवते. तिथे कोड लिहिलेला मला क्वचितच दिसतो.

आता सर्व्हेचं ॲप घ्या. माणूस बांधावर उभा राहून गट नंबर, क्षेत्र, पीक भरतो आणि फोटोसाठी ॲपमधूनच कॅमेरा उघडतो. रॅम कमी असेल तर मागे गेलेल्या आपल्या ॲपची अख्खी प्रोसेस (मेमरीत चालू असलेलं ॲप) सिस्टीम मारते. परत आल्यावर आयडी असलेल्या एडिटटेक्स्टमधला (भरायच्या चौकटीतला) मजकूर बहुधा सावरतो. पण फोटो कुठल्या फाइलमध्ये लिहायला सांगितला होता तो पाथ साध्या व्हेरिएबलमध्ये होता, तो आता नल (रिकामा). फोटो फोनमध्ये आहे, ॲपला सापडत नाही. इथे कॉन्फिगचेंजेसचा काडीचाही उपयोग नाही. आणि ती ओळ नसती तर टेबलावर फोन आडवा करताच हा बग टेस्टिंगमध्ये सापडला असता.

दुपारचा चहा
पटलं नाही. दोन जणांची टीम असते, क्लायंटला उभं ॲप हवं असतं, वापरणाराही फोन उभाच धरतो. मग रोटेशनवर वेळ का घालवायचा? पोर्ट्रेट लॉक करा (स्क्रीन उभीच ठेवा), पुढचं काम घ्या. आणि फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड-आयफोन ॲप बनवायचं साधन) याचा नवा प्रोजेक्ट उघडून बघा: ओरिएंटेशन, लोकेल (भाषा), फॉन्टस्केल (अक्षराचा आकार), यूआयमोड (डार्क मोड वगैरे), सगळी रांग मॅनिफेस्टमध्ये आयती लिहून येते. रिॲक्ट नेटिव्ह या तशाच साधनातही अशी ओळ आयती येते. ते चालतं तर आमचं का नाही?

अर्धविराम
चहासाहेब, फ्लटर स्वतःची स्क्रीन स्वतः रंगवतो, अँड्रॉइडच्या लेआउट फाइल वापरत नाही. त्याला ॲक्टिव्हिटी नव्याने उभी करून काही मिळत नाही, म्हणून ती रांग तिथे योग्यच आहे. तुमचा प्रोजेक्ट एक्सएमएल लेआउटचा (अँड्रॉइडच्या लेआउट फाइलींचा) असेल आणि हीच रांग लावलीत तर मात्र भाषा बदलली तरी जुनी अक्षरं तशीच दिसत राहतात. प्रोसेस मेली तर फ्लटरमध्येही डेटा जातो, त्यासाठी रिस्टोरेशन (डेटा परत आणायचा कोड) वेगळं लिहावं लागतं.

आणि उभं लॉक केलं तरी डार्क मोड बदलतो, फॉन्टचा आकार बदलतो, अँड्रॉइड 7.0 पासून स्प्लिट स्क्रीन आहे. आमच्याकडे वयस्कर माणसं ॲप चालू असतानाच सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करतात. ॲक्टिव्हिटी तेव्हाही मोडते.

रात्रपाळी
मी आयफोनवर काम करते. आमच्याकडे स्क्रीन फिरली की व्ह्यू कंट्रोलर (स्क्रीन सांभाळणारा ऑब्जेक्ट) जिवंत राहतो, फक्त नवं माप कळवलं जातं. अँड्रॉइडचा निर्णय 2008 च्या फोनसाठी ठीक असेल. जी1 या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये 192 एमबी रॅम होती आणि कीबोर्ड सरकवला की स्क्रीन आडवी व्हायची. आज त्याचा भुर्दंड प्रत्येक नवशिक्याने का भरायचा? व्ह्यूमॉडेल (स्क्रीन फिरली तरी डेटा जपणारा ऑब्जेक्ट) 2017 मध्ये आलं, तोवर लोकांनी रिटेन केलेले फ्रॅगमेंट (मोडतोडीतून वाचवलेले स्क्रीनचे तुकडे) आणि असिंकटास्क (मागे चालणारं काम) यांत वर्षं घालवली. जुनी ॲक्टिव्हिटी धरून बसलेला असिंकटास्क म्हणजे हमखास लीक (न सुटणारी मेमरी). दोष डेव्हलपरच्या आळसाचा कमी, प्लॅटफॉर्मचा जास्त.

अर्धविराम
ताई, 2017 आधीच्या हालांबद्दल शंभर टक्के सहमत. पण आज साधनं आहेत. सर्व्हरवरून आणलेली यादी व्ह्यूमॉडेलमध्ये. निवडलेलं पीक, पान क्रमांक, फोटोचा पाथ असं छोटं काही सेव्हडस्टेटहँडलमध्ये (प्रोसेस मेली तरी टिकणारा छोटा साठा), कारण प्रोसेस मेली की व्ह्यूमॉडेलही मरतं. कंपोजमध्ये (एक्सएमएलशिवाय, कोडमधूनच स्क्रीन रचायची पद्धत) रिमेंबरऐवजी रिमेंबरसेव्हेबल. अर्धा भरलेला फॉर्म सरळ रूममध्ये (फोनमधला डेटाबेस). फोटोचा बिटमॅप (चित्राचा कच्चा डेटा) मात्र बंडलमध्ये (स्टेट जपायची पिशवी) कोंबू नका. बंडल ज्यातून सिस्टीमकडे जातं त्या बाइंडरचा बफर साधारण 1 एमबी, तोही अख्ख्या प्रोसेसमध्ये वाटून घेतलेला. ही मर्यादा ओलांडली की 7.0 पासून थेट क्रॅश होतो.

कोरा कागद
सर, प्रोसेस मरण्याची टेस्ट कशी करायची? मी डेव्हलपर सेटिंगमधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू ठेवतो.

अर्धविराम
तेवढ्याने भागत नाही. त्यात ॲक्टिव्हिटी मोडते, प्रोसेस जिवंतच राहते, त्यामुळे सिंगल्टनमध्ये (अख्ख्या ॲपला एकच असलेला ऑब्जेक्ट) ठेवलेला डेटा टिकतो आणि सगळं ठीक वाटतं. होम दाबून ॲप मागे टाका, एडीबी शेलमधून (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) एएम किल आणि पॅकेजचं नाव द्या, मग रिसेंट्समधून परत या. फोर्स स्टॉप नको, त्यात जपलेलं स्टेटही जातं.

दुपारचा चहा
हे एएम किल करून पाहीन, मुद्दा रास्त आहे. लॉक मात्र काढणार नाही. आडव्या स्क्रीनचं डिझाइन, टेस्टिंग, याचे पैसे क्लायंट देत नाही.

अर्धविराम
फोनवर ठेवा, हरकत नाही. पण टार्गेट एपीआय (ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलं ते सांगणारा आकडा) 36 केलंत की अँड्रॉइड 16 वर लहान बाजू 600 डीपी (स्क्रीन मोजायचं एकक) किंवा जास्त असलेल्या स्क्रीनवर तो लॉक मानलाच जात नाही. टॅबलेट आणि उघडलेले फोल्डेबल त्यात आले. गेमना सूट आहे, बाकीच्यांना बाहेर राहायची तात्पुरती प्रॉपर्टी आहे, ती एपीआय 37 ला बंद.

दुपारचा चहा
मग पुढच्या कोटेशनमध्ये आडव्या स्क्रीनची वेगळी ओळ टाकतो. क्लायंट नाही म्हणाला तर टॅबलेटवर उभाच लेआउट मधोमध ठेवीन, दोन्ही बाजूंना जागा मोकळी.