मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंबही नाही

मंडळी, जुनी पेट्रोल गाडी आहे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली जाते, भरलं की थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून पाहिला, सकाळी कोरडा ठणठणीत. (एसीचं पाणी पडतं, पण ते नितळ आणि बिनवासाचं, ते सोडा.) टेम्परेचरचा काटा जागेवर असतो. सकाळी सुरू करताना पांढरा धूर येतो, इंजिन तापलं की जातो. ऑइल भरायच्या झाकणाला आतून पिवळट, सायीसारखा थर आहे, डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल मात्र ठीक दिसतं. गाडी बहुतेक जवळपासच फिरते.

गॅरेजवाल्याने ते झाकण पाहिलं आणि लगेच निकाल दिला: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, इंजिन उघडावं लागेल. तेवढ्यावरून हेड उतरवायचं? त्याआधी काय तपासून घेऊ?

प्रतिसाद:
हेडला अजून हात लावू देऊ नका. जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरेसं तापत नाही, मग आतली वाफ झाकणाला धरते आणि असा थर येतो. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. धूरही इंजिन तापल्यावर टिकला, गोडसर वास आला, तरच काळजी.

आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. इंजिन थंड असताना, रेडिएटरच्या झाकणावर छापलेला असतो तेवढाच दाब पंपाने द्यायचा आणि पंपावरचा दाबाचा काटा उतरतो का ते पाहायचं. बारीक गळती गरम इंजिनावरच वाळून जाते, म्हणून पुठ्ठा कोरडा राहू शकतो. वॉटर पंपाखाली आणि होसच्या क्लिपांपाशी वाळलेले रंगीत डाग शोधा. रेडिएटरचं झाकणही तपासा, त्याची स्प्रिंग सैल पडली तरी कूलंट उडतं. दाब उतरतोय आणि बाहेर काहीच नाही, असं झालं तर ब्लॉक टेस्ट: हेड गॅस्केटमधून जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर टेस्टचं निळं द्रावण पिवळं पडतं.

धागाकर्ता:
समोरची काच आतून तेलकट होते, पुसली तरी. याचा काही संबंध?

प्रतिसाद:
हे आधी सांगायचं ना! हीटर कोअरवर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, त्यातून गरम कूलंट फिरतं) दाट संशय, तो गळला की कूलंटची वाफ काचेवर बसते. दाब दिलेला असतानाच डॅशबोर्डखालचं कार्पेट उचलून हात लावा, चिकट ओल लागली तर चोर सापडला. तोवर त्याच प्रकारचं कूलंट भरत राहा, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि टेम्परेचरचा काटा वर चढला तर गाडी तिथेच बंद करा.