पेताह तिक्वा : नाव एकीकडचं, गाव दुसरीकडे

इस्रायलमधल्या 'पेताह तिक्वा' या शहराच्या हिब्रू नावाचा अर्थ आशेचं दार. पण हे नाव मुळात दुसऱ्या जागेसाठी होतं! अखोरचं खोरं, म्हणजे संकटाचं खोरं, आशेचं दार होईल असं बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याचं वचन आहे. म्हणून जेरुसलेमच्या धार्मिक ज्यूंना यरीहोजवळच्या त्या खोऱ्यातच जमीन हवी होती. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानाने तो व्यवहार होऊ दिला नाही. मग १८७८ साली त्यांनी यार्कोन नदीजवळ मुलाब्बिस या अरब गावाची जमीन घेतली, नाव मात्र तेच ठेवलं. तिथे दलदल होती. मलेरियाने माणसं गेली, वस्ती ओस पडली, काही वर्षांनी पुन्हा उभी राहिली. त्या नावावरचा त्यांचा जीव मला फार भिडतो.