मदत हवी आहे: तीन नर कुत्र्यांपैकी पैदाशीला कोणता ठेवू?

नमस्कार मंडळी. आर्वीकडं वावर आहे, चाळीसेक बेरारी बकऱ्या आहेत. राखणीला गावठी कुत्रे पाळतो, वर्षाला एखादं वेत काढतो. पिल्लं आजूबाजूचे बकरीवालेच नेतात.

सध्या तीन नर आहेत, तिघं सख्खे भाऊ.

काळ्या कामाचा. लांबून गोल फिरून कळप धुऱ्यावरून वळवतो, शिटी मारली की जागीच थांबतो. पण एखादी बकरी मागं राहिली की मागच्या पायाला तोंड घालतो. परवा एका पाठीचं (तरण्या बकरीचं) घोट्यावरचं कातडंच सोललं. मोती उलटा. वळवायचं नाव नाही, कळपात मधोमध पसरतो, बोकडानं ढुशी दिली तरी कूस बदलून झोपतो. रात्री बिबट्याची चाहूल लागली की पहिला उठतो मात्र तोच. वाघ्या नावाचाच, ढग गडगडले की बंडीखाली.

माझा जीव मोतीवर. पिल्लं नेणारे मात्र काळ्याचीच मागतात.

बाहेरून आणलेली कुत्री आठवड्याभरात हीटवर येईल. एकाच वेतात दोन नरांची पिल्लं होऊ शकतात, म्हणून तिला तीनेक आठवडे कोठ्यात बंद ठेवणार आहे. काळ्या-मोतीची आत्ताच गुरगुर सुरू झाली आहे.

काळ्याचं चावणं रक्तातलं समजायचं की मीच लहानपणी वळण लावायला चुकलो? दोन वर्षांच्या कुत्र्याची ही सवय कोणी मोडली आहे का, आणि कशी? वाघ्याची नसबंदी करावी म्हणतो. त्यानं भित्रेपणा वाढतो का? अनुभव असलेल्या भाऊ-ताईंनी सांगावं.